मिल्ट्री का बंद पडली

भाऊ गेल्यावर तेराव्याच्या दिवशी, पंगती उठल्यावर, वहिनीनं मला एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, गाडी बंद काऊन पडली होती?"

बाकी सगळे विचारत होते की हँडब्रेक कसा सुटला, चाकाला दगड लावला होता की नाही, पोलीस काय म्हणाले. वहिनीनं त्यातलं काहीच विचारलं नाही. गाडी मागे का सरकली ते तिला नको होतं, ती मुळात का थांबली एवढंच हवं होतं. मी मेकॅनिक. जळगाव जामोदच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गाडी का बंद पडली हे मी बोनेट उघडायच्या आधी सांगतो अशी माझी ख्याती, आणि ती पसरवण्यात माझाही हात आहे. त्या दिवशी मात्र "पाहतो," एवढंच म्हणालो. ती आत गेली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही. आमचं घर एकच, चूल एकच. ताट वाढायची, चहा समोर ठेवायची, तोंडाकडे बघायची नाही.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून भावानं आणलेला जुना ट्रक. पुढच्या बंपरला विंच, म्हणजे लोखंडी दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, सगळ्या चाकांना जोर, आणि रंग शेवाळलेल्या रांजणासारखा. आमच्याकडची काळी माती पावसात चाक धरते ते सोडत नाही. संत्र्याचा टेम्पो, मळणीयंत्र, वरातीची जीप, काहीही रुतलं की भावाला फोन यायचा. लोक त्या ट्रकला मिल्ट्री म्हणत. "मिल्ट्री धाडा," एवढाच निरोप. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि गाडीच्या पोटात काय चालतं याची त्याला काडीची समज नव्हती. पोट माझ्याकडे, स्टिअरिंग त्याच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

भादव्यात मिल्ट्रीनं कुरकुर सुरू केली. गाडी उभी असताना, रेस न देता इंजिन जे हळू चालतं त्याला आम्ही स्लो म्हणतो. मिल्ट्रीचा स्लो म्हणजे घड्याळ होतं. तो अधूनमधून, कुठं चढाला उभी असली की, वरखाली व्हायला लागला. आपणच जोर घेई, आपणच सोडी, मग धाप लागल्यासारखं करून बंद. आणि गंमत अशी की दहा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू, जणू काही झालंच नाही. डिझेलच्या गाडीनं असं केलं की पहिला संशय एकच. डिझेलच्या वाटेत कुठून तरी हवा शिरते. गाडी एअर घेते, असं आम्ही म्हणतो. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि पंपाचं छोटं दांडकं हातानं दाबत राहायचं. फचक, फचक, फचक. आधी फेस येतो. निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हे मी दोनदा केलं. फिल्टर बदलला. पाइपाच्या जोडात तांब्याचा वायसर, म्हणजे चपटी कडी, असतो, तो त्या मापाचा नवा मिळेना, म्हणून जुनाच आगीवर लाल केला, पाण्यात विझवला आणि परत बसवला. तापवलेलं तांबं मऊ होतं, नीट बसतं. सगळेच मेकॅनिक असं करतात. भाऊ म्हणाला, "नवा आणू काय नांदुऱ्याहून?" मी म्हणालो, "काही गरज नाही. तुले काय कळते त्याच्यातलं?"

हे वाक्य मला आता भाकरीचा तुकडा मोडतानाही ऐकू येतं.

दसऱ्यानंतर सोनाळ्याकडे एका बगीच्यात संत्र्याचा टेम्पो रुतला. भाऊ सकाळीच निघाला. त्या रस्त्यावर एका नाल्यावर उंच पूल आहे, आणि पुलाच्या आधी लांब चढ. त्या चढावर गाडी बंद पडली. त्यानं मला फोन केला. माझ्यासमोर ट्रॅक्टरचं इंजिन उघडं पडलेलं, ट्रॅक्टरवाला डोक्यावर उभा, आणि माझं डोकं आधीच फिरलेलं.

"पुन्हा एअर घेतली बे हिनं," भाऊ म्हणाला. "तुह्या कामात आता काही दम राह्यला नाही."

"मंग काढ ना एअर. स्क्रू ढिला कर अन् पंप मार."

"किती मारू?"

"फेस जाईपर्यंत मार. दोन मिंटाचं काम हाये, त्याच्यासाठी फोन कायले करतं?"

तो हसला. फोन खिशात टाकला, पण बंद केला नाही. मी इकडे फोन बाकड्यावर ठेवून काम करत होतो. पंपाचा आवाज स्पष्ट येत होता आणि तो मोठ्यानं मोजत होता, मला चिडवायला. अकरा, बारा. मी ओरडलो, "मोजू नको, मार!" सतरा म्हणाल्याचं मी ऐकलं. मग खडी चुरडल्याचा आवाज आला आणि पुढचा आकडा आला नाही. मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, झालं असेल काम, चढला असेल गाडीत. मी फोन कापला. मीच कापला, हे लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

भाऊ पुढच्या चाकाच्या मागे वाकलेला होता आणि गाडी मागे सरकली. याहून जास्त मी सांगणार नाही.

पोलिसांकडून गाडी चार महिन्यांनी परत मिळाली. अंगणात कडुनिंबाखाली उभी केली. वहिनी रोज सकाळी अंगण झाडायची, गाडीच्या भोवतीनं झाडायची, खाली पडलेला पाला तसाच. भंगारवाले दोनदा येऊन गेले. मी त्यांना हाकललं. गाडी विकली असती तर वहिनीच्या प्रश्नाचं उत्तरही भंगारात गेलं असतं. आणि तो प्रश्न मला एकाच अर्थानं ऐकू येत होता: तुम्ही बसवलेला तो जुना वायसर, त्यानं माझा नवरा मारला काय? ती तसं म्हणाली नव्हती. म्हणायची गरजही नव्हती, कारण मी स्वतःला रोज म्हणत होतो.

आवाज तर पाठ सोडत नव्हता. आमच्याकडे शिवारात फवारणी सुरू झाली की पाठीवरच्या पंपाचं दांडकं खालीवर करत माणसं ओळीनं चालतात, आणि चारी बाजूंनी तोच आवाज येतो. फचक, फचक. मी रस्त्यानं जाताना गाडी थांबवून मोजायला लागायचो. सतरावर थांबायचो आणि वाट बघायचो. अठरावा यायचा, शेतकऱ्याचा. मग निघायचो.

फाल्गुनात मी मिल्ट्रीला नवी बॅटरी लावली आणि सेल्फ मारला. लगेच चालू. अंगणात तासभर स्लोवर सोडली. घड्याळासारखी चालली, एकदाही हुकली नाही. वहिनी दारात येऊन उभी राहिली, आवाज ऐकला आणि आत गेली. मी गाडी बाहेर काढली, सोनाळ्याच्या रस्त्याला लावली. पुलाच्या चढावर, जिथं भाऊ गेला तिथं, साधारण त्याच ठिकाणी तिचा आवाज बसला. वरखाली झाली, धाप लागली, बंद.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. भाऊच थांबवतो, असं लोक म्हणायला लागले. एकानं माझ्या डोळ्यांदेखत बंपरला लिंबू-मिरची बांधली, मी ती तोडून नालीत फेकली आणि त्याला चार शब्द सुनावले. मेलेला माणूस काय फिल्टरमध्ये जाऊन बसतो काय बे, म्हणालो. बाहेर असा ताठ. पण त्या चढावर ती पहिल्यांदा थांबली तेव्हा मला भीती वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. वाटलं, आहे. इथंच आहे.

मग मी पुन्हा पुन्हा गेलो. दर वेळी काहीतरी बदलून जायचो, म्हणजे लोकांना आणि स्वतःला सांगायला निमित्त असायचं. नांदुऱ्याहून नवे वायसर आणून टाकले. पाइप बदलला. पंप उघडून त्याच्या आतले रबर बदलले. दर वेळी चढावर ती थांबायची, दर वेळी फिल्टरमध्ये फेस निघायचा. वायसर नवे टाकूनही थांबली तेव्हा माझी सुटका व्हायला हवी होती, पण मन कुठे ऐकतं. वाटायचं, आणखी काहीतरी आपल्याच हातानं वाकडं बसलं आहे. गाडी बंद पडली की मी चाकाला दोन दगड लावायचो आणि त्याच्या सीटवर बसून राहायचो. भावाला शिव्या द्यायचो. एवढा मोठा माणूस, दगड लावता आला नाही तुला? मग रडू यायचं, मग दहा मिनिटांत गाडी आपोआप चालू व्हायची, आणि मी घरी यायचो. गॅरेजचं काम मागे पडलं. गिऱ्हाइकं समजून घेत होती, मी मात्र त्यांच्यावरच खेकसायचो.

शेवटी माझे उस्ताद मला बोलले. ज्यांच्याकडे मी पाना धरायला शिकलो ते. आता त्यांचे हात थरथरतात, चहाची बशी धरवत नाही, पण जीभ शाबूत आहे. मी काय काय बदललं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"रोग पोटात, अन् तू नाकाले बाम चोळून राह्यला," ते म्हणाले. "टाकी पाह्यली काय?"

"पाह्यली उस्ताद. खालचं बूच काढून सारं डिझेल उतरवलं. एकदम निखळ."

"डिझेल निखळ होतं म्हणतं. मी टाकी इचारली." मग म्हणाले, "टाकी बाजूले ठेव. कॅनमधून पाज तिले अन् ने त्याच चढावर. नाही थांबली तं टाकीतच हाये काय हाये ते. अन् थांबली तं मंग तुहा भाऊ हाये, मी येतो हात जोडाले."

एवढं साधं. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही गाडीचं मी हेच पहिल्या दिवशी केलं असतं. मिल्ट्रीचं केलं नव्हतं, कारण मला तो चढ हवा होता.

आषाढात, पावसानं दोन दिवस उघडीप दिली तेव्हा, मी केबिनच्या मागे डिझेलचा कॅन बांधला, त्यातून नळी थेट पंपाला जोडली आणि निघालो. पुलाचा चढ लागला. मी रेस कमी केली, तिला थांबायला भरपूर वेळ दिला. मनात म्हणत होतो, थांब. ती थांबली नाही. एका सुरात चढली, पुलावर आली, पलीकडे उतरली. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, तेराव्यालाही रडलो नव्हतो तेवढा. तिथं कुणी नव्हतं. टाकीचा रोग होता, आणि मी त्याला भाऊ समजून महिनोन्महिने भेटायला जात होतो.

टाकी काढायला मी आणखी कितीतरी दिवस लावले. श्रावण लागला तेव्हा ती खाली उतरवली. लष्करी टाकीत आत पत्र्याचे पडदे असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून. बॅटरीच्या उजेडात पहिल्या पडद्यापर्यंतच दिसतं. मी तारेला आकडा केला आणि पडद्यांच्या आडून चाचपत राहिलो. काहीतरी मऊ अडकलं. हळूहळू ओढलं. बाहेर आली ती मुठीएवढी पुरचुंडी, काळीकुट्ट, वर घट्ट गाठ.

सगळा खेळ तिथं बसल्या बसल्या कळला. टाकी भरलेली असली, रस्ता सपाट असला, की पुरचुंडी कुठल्यातरी कोपऱ्यात पडून. टाकी निम्म्यावर आली आणि लांब चढ लागला की डिझेलबरोबर ती मागे सरकायची आणि ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायची. इंजिन ओढतंय, डिझेल येत नाही, मग जोडांतून कुठूनतरी हवा ओढली जायची. फेस त्या हवेचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपली, पुरचुंडी सुटली. मी जोडांना दोष देत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. वायसर नव्हता. माझा हात नव्हता. मी उठून उभाच राहिलो. मग गाठ सोडली. आत चामड्यासारखा झालेला घडीचा तुकडा, पुरणपोळीचा. गाठीच्या आतल्या चुणीत डिझेल पुरतं मुरलं नव्हतं, तिथं कापडाचा हिरवा रंग शिल्लक होता. वहिनीच्या खणाचा हिरवा.

बैल आमच्याकडे आता नाहीत. वहिनीचं माहेर वडनेर भोलजीला, तिथं दावणीला अजून बैल. मागच्या पोळ्याला ती म्हणाली, बैल नाही म्हणून पोळा सोडाचा काय? राबते ते गाडी, तिचाच पोळा. आदल्या संध्याकाळी तिनं बैलाच्या खांद्याला लावावं तसं मिल्ट्रीच्या बंपरला हळद-तूप चोळलं आणि रीतीनं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी ताट घेऊन आली, गाडीभोवती फिरली आणि मला विचारलं, "भाऊजी, हिचं तोंड कोनतं?" मी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. "हे काय. पेते इथून, तं जेवनही इथूनच. फक्त गरम देऊ नका, तोंड पोळीन." भाऊ हसून हसून खाली बसला. तीही हसली, घास टाकीला नुसता टेकवला आणि ताट घेऊन घरात गेली. आम्ही सगळ्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

टाकीच्या तोंडाशी जाळी असते. जाळी जागेवर असती तर ती पुरचुंडी वरच अडकली असती आणि संध्याकाळी डिझेल ओतताना मला दिसली असती. जाळी माझ्या गॅरेजच्या फळीवर होती. कॅननं डिझेल ओतताना वेळ खाते, म्हणून उन्हाळ्यात मीच काढून ठेवली होती, आणि परत बसवायचं राहून गेलं होतं.

मी दोन दिवस गप्प राहिलो. पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं की ते कापड तिच्यापुढे टाकावं. वर्षभर माझ्याकडे बघत नाही ना, मग हे बघ. असा विचार माझ्या मनात आला, तो मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं की जाळीचं सांगायचं, कापडाचं नाही. जाळीचं खोटं नव्हतं.

दुपारी ती ओसरीत मूग निवडत बसली होती. मी खांबापाशी उभा राहिलो.

"वहिनी, गाडी बंद काऊन पडली ते समजलं."

तिनं सूप खाली ठेवलं.

"टाकीची जाळी मी काढून ठेवली होती. आत कचरा गेला. माही चूक हाये."

"कसला कचरा?"

"असाच. पालापाचोळा."

तेव्हा तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "हिरवं कापड नव्हतं काय त्याच्यात?"

मला खोटं बोलता येतं. गिऱ्हाइकांशी रोज बोलतो. त्या वेळी आलं नाही.

"मीच टाकलं होतं भाऊजी," ती म्हणाली. "तुमी सारे हासले म्हणून तवा नाही टाकलं. मांगून एकटीच आली होती. आवतन देल्यावर उपाशी कसं ठेवाव? मशीन हाये, त्याच्यात भुगा जाईन, म्हणून कापडात गुंडाळलं." ती मुगाकडे पाहत बोलत होती. "तेरवीच्या दिवशी ताटावर पोळी पाह्यली अन् मले आठवलं. म्हणून तं तुमाले इचारलं. तुमी म्हणले पाहतो. मंग मले रोज वाटे, याले सापडलं हाये अन् हा माणूस मले सांगत नाही. तुमच्या तोंडाकडे पाहाची हिंमतच नव्हती होत."

म्हणजे तिनं मला आरोपी केलंच नव्हतं. वर्षभर एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांसमोर जेवत होतो आणि दोघंही समोरच्याच्या शिक्षेची वाट बघत होतो. मी म्हणालो, "तोंड मीच दाखवलं होतं वहिनी. जाळीही मीच काढली." तिनं मान हलवली, कशाला ते मला कळलं नाही. बराच वेळ ती सुपातला एकच खडा बोटानं फिरवत राहिली.

"त्यायले मालूम होतं काय?" तिनं विचारलं. "तुमच्याशीच बोलत होते ना शेवटी. माह्या घासानं बंद पडली, हे त्यायले समजलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. "त्याले शेवटपर्यंत वाटे की माहंच काम कच्चं हाये."

हे खरं होतं, आणि माझ्यापाशी तिला द्यायला तेवढंच होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायला लागली. तेराव्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिला उगी करायला गेलो नाही, खाली बसलो आणि सूप माझ्याकडे ओढून उरलेले मूग निवडायला लागलो.